आधी तारा, मग ग्रह: राहण्याजोग्या जगांचा शोध कसा चालतो

६ जून २०१२ च्या सकाळी पुण्यातल्या अनेक गच्च्यांवर गर्दी होती. त्या दिवशी शुक्राचे अधिक्रमण होते, म्हणजे शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या बरोबर मधून जाणार होता, आणि पुढचा योग थेट २११७ साली असल्यामुळे एरवी सूर्योदय ज्यांना केवळ ऐकून माहीत, अशी मंडळीही उठून आली होती. मी ज्या गच्चीवर होतो तिथे एका लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली होती. जून लागलेला असल्याने ढगांची ये-जा चालू होती. मध्येच ते बाजूला झाले आणि पुठ्ठ्यावरच्या बशीएवढ्या सूर्यावर, बाळाच्या गालावर तीट लावावी तसा, एक काळा, रेखीव, गोल ठिपका दिसू लागला. शेजारच्या आजोबांनी तो नीट निरखला, मग गच्चीत पडलेल्या उन्हाकडे पाहिले आणि म्हणाले, "पण ऊन काही कमी झालेलं नाही हो."

आजोबांचे म्हणणे जवळजवळ बरोबर होते. ऊन कमी झाले होते, पण हजारात एका भागाने. डोळ्याला न कळणारी ही घट यंत्राला मात्र कळते, आणि आज सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणारे जे सहा हजारांहून अधिक ग्रह ठाऊक आहेत, त्यांतले बहुसंख्य ग्रह अशाच घटीवरून सापडलेले आहेत. या ग्रहांना मराठीत बाह्यग्रह म्हणतात. ते शोधतात कसे आणि त्यांतला एखादा राहण्याजोगा आहे हे ठरवतात कसे, हे या लेखात पाहू. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण वर्तमानपत्रांतल्या 'दुसरी पृथ्वी सापडली' छापाच्या मथळ्यांत ती नेमकी गळते: या ग्रहांविषयी आपल्याला जे काही कळते, ते जवळजवळ सगळे ताऱ्याकडे पाहून कळते. तारा नीट ओळखला नसेल तर ग्रहाविषयीचे प्रत्येक विधान डळमळीत होते.

ग्रह सरळ दुर्बिणीतून का दिसत नाहीत, हे समजण्यासाठी अंतरांचा अंदाज हवा. समजा, सूर्य दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर जाडीची काचेची गोटी आहे आणि ती आपण शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यात ठेवली. या हिशेबात पृथ्वी म्हणजे गोटीपासून दीड मीटरवर असलेला पिठाचा एक कण होतो. गुरू हा सर्वांत मोठा ग्रह राजगिऱ्याच्या दाण्याएवढा होतो आणि तो आठ मीटरवर फिरतो. आता सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा? प्रॉक्सिमा सेंटॉरी हा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आपल्या मापाने ४०० किलोमीटरवर, पार हुबळीच्याही पुढे. तिथल्या ताऱ्याशेजारचा पिठाचा कण आपल्याला पुण्यातून पाहायचा आहे. त्यातही तारा स्वयंप्रकाशित आणि ग्रह उसन्या उजेडावर चमकणारा. दूरून पाहणाऱ्याला पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे एक हजार कोटी पटींनी मंद दिसेल. तरुण, अजून तापलेले आणि ताऱ्यापासून बरेच दूर असलेले काही महाकाय ग्रह थेट छायाचित्रांत टिपले गेले आहेत, २००८ साली तर एकाच ताऱ्याभोवतीचे तीन, पण पृथ्वीसारख्या ग्रहाला ही युक्ती अजून लागू पडत नाही.

म्हणून वाकडी वाट धरावी लागते. पहिली वाट फुगडीची. दोन सारख्या वजनाच्या मुली फुगडी घालतात तेव्हा दोघीही सारख्याच मोठ्या वर्तुळात फिरतात. पण काकू आणि तिची पाच वर्षांची भाची फुगडी घालू लागल्या, तर भाची गरगर फिरते आणि काकू जागच्या जागी जरा डोलते. काळोखात भाची दिसत नसली तरी काकूच्या डोलण्यावरून कुणीतरी तिचे हात धरलेले आहेत, हे समजते. ग्रहही ताऱ्याला असाच डोलवतो. तारा आपल्याकडे सरकताना त्याचा प्रकाश किंचित निळ्याकडे झुकतो आणि दूर जाताना लालीकडे. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर बदलतो त्याच कारणाने. हा फरक मोजला की फेरीचा काळ कळतो आणि ग्रहाचे किमान वस्तुमानही काढता येते.

मोजणे मात्र सोपे नाही. गुरू सूर्याला दर सेकंदाला साडेबारा मीटर या वेगाने डोलवतो, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, जो वेग संध्याकाळी कर्वे रस्त्यावर कुणालाही साधत नाही. पृथ्वीमुळे सूर्याला मिळणारा वेग सेकंदाला केवळ ९ सेंटिमीटर आहे. ही कासवाची चाल झाली, आणि ती कित्येक प्रकाशवर्षांवरून ओळखायची. आजची उत्तम यंत्रे सेकंदाला एक मीटरच्याही खाली उतरली आहेत. आता खरी अडचण ताऱ्याचीच आहे. त्याचा पृष्ठभाग शांत नसतो. चुलीवरचे पिठले रटरटावे तसा तो सतत खदखदत असतो, खालचा तप्त वायू वर येतो, थंड होऊन खाली बसतो, डाग उमटतात आणि फिरत पलीकडे जातात. या खदखदीचा गोंगाट पृथ्वीसारख्या ग्रहाच्या खुणेपेक्षा मोठा भरतो.

याच पद्धतीने १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हांस वेधशाळेतून सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला. (त्याआधी १९९२ मध्ये एका स्पंदकाभोवती, म्हणजे मृत ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याभोवती, ग्रह सापडले होते; पण तिथे राहण्याची कल्पना कुणी केली नसती.) ५१ पेगासी हा तो तारा सुमारे ५० प्रकाशवर्षांवर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा यांच्या चार ताऱ्यांची मोठी चौकट डोक्यावर येते, तिच्या पश्चिमेच्या बाजूला लागूनच तो आहे. शहरातून तो दिसणार नाही, पण पुरंदरच्या किंवा वेल्ह्याच्या बाजूला काळोख्या जागी गेल्यास चांगल्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. त्याभोवतीचा ग्रह गुरूच्या साधारण निम्म्या वस्तुमानाचा आणि त्याचे वर्ष अवघे ४.२ दिवसांचे. गुरूसारखा ग्रह ताऱ्याला इतका चिकटून असेल, असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. मायोर आणि केलो यांना २०१९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दुसरी वाट त्या गच्चीवरच्या पुठ्ठ्याची, म्हणजे अधिक्रमणाची. ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असेल तर प्रत्येक फेरीत तो ताऱ्यासमोरून जातो आणि ताऱ्याचा उजेड थोडा कमी होतो. दूरच्या ताऱ्यावर आपल्याला तीट दिसत नाही, कारण तारा स्वतःच एक बिंदू असतो. दिसते ती फक्त बेरीज, आणि तिच्यातली घट. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर उजेड एक टक्क्याने उतरतो. पृथ्वीएवढ्या ग्रहामुळे ०.००८४ टक्के, जास्तीत जास्त तेरा तास, तेही वर्षातून एकदाच. शुक्राने २०१२ मध्ये यापेक्षा दहापटीहून अधिक घट केली ती तो आपल्या जवळ असल्यामुळे. कित्येक प्रकाशवर्षांवरून पाहणाऱ्याला शुक्र आणि पृथ्वी यांच्यात फारसा फरक वाटणार नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते कामाला येणार आहे.

शिवाय कक्षा नेमकी आपल्या रेषेत असणे हा योगायोग असतो. पृथ्वी-सूर्यासारख्या जोडीत तो साधारण दोनशेत एकदा जुळतो. त्यावर उपाय एकच, एका वेळी खूप तारे पाहायचे. मार्च २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने हंस आणि स्वरमंडल या तारकासमूहांच्या दिशेला टक लावून दीड लाखांच्या आसपास ताऱ्यांचा उजेड चार वर्षे मोजला. तिच्या खात्यावर २,६०० हून अधिक ग्रह जमा आहेत. तिने आणखी एक गोष्ट दाखवून दिली, तिची चर्चा कमी होते: सूर्याच्या जातीचे तारे सूर्यापेक्षा जास्त चंचल निघाले. आपला सूर्य गुणी आणि शांत स्वभावाचा, आणि बाकीचेही तसेच असतील असे गृहीत धरून आखलेला हिशेब चुकला, पृथ्वीसारखी बारीक घट त्या चंचलतेत हरवू लागली. त्यात २०१३ मध्ये दुर्बीण स्थिर धरणारे दुसरे चाकही निकामी झाले. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती, वर्षभराच्या आसपासच्या कक्षेत, पृथ्वीएवढा खडकाळ ग्रह असल्याचे निःसंशय सिद्ध झालेले एकही उदाहरण आज हाती नाही.

ताऱ्याचे महत्त्व इथे आणखी एका तऱ्हेने दिसते. उजेडातल्या घटीवरून ग्रहाचा आकार कळतो, असे आपण म्हणतो. वास्तविक कळते ते ग्रह आणि तारा यांच्या आकारांचे गुणोत्तर. तारा दीडपट मोठा निघाला तर ग्रहही दीडपट मोठा होतो, आणि पृथ्वीएवढा म्हणून गाजलेला ग्रह हातोहात वायूने वेढलेला भलताच गोळा ठरू शकतो. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या गाया यानाने ताऱ्यांची अंतरे अचूक मोजल्यावर केप्लरच्या कित्येक ताऱ्यांचे आकार नव्याने काढावे लागले आणि त्यांच्यासोबत ग्रहांचेही. ग्रह जागचा हलला नव्हता, आपली फूटपट्टी बदलली होती.

मग तारा ओळखायचा कसा? सुरुवात रंगापासून. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी तांबडे होते, मग पिवळट आणि अधिक तापल्यावर पांढरे, ताऱ्यांचेही तसेच. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र पाहा. त्यातला काक्षी तांबूस आहे, त्याच्या पृष्ठभागाचे तापमान तीन-साडेतीन हजार अंश. समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा, दहा हजारांच्या वर. सूर्य मधला, साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा. रंगाने तापमान कळते, वर्णपटाने त्याहून पुष्कळ काही. प्रकाश लोलकातून पसरवला की त्यात काळ्या रेघा दिसतात, प्रत्येक मूलद्रव्याची रेघ ठरावीक जागी, आणि कोणत्या रेघा ठळक हे तापमानावर कसे ठरते याचे गणित १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी मांडले.

पुण्याचा या विद्येशी संबंध आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेपासून सुरू होतो, असा पुष्कळांचा समज असतो. त्याच्या शंभर वर्षे आधी इथल्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या आवारात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली होती. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिथे वीस इंची आरशाची दुर्बीण बसवून घेतली. ताऱ्यांचे वर्णपट पाहण्यासाठीची ती दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला सगळे सामान घेऊन गेले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. आज त्या वास्तूची आठवण काढणारी माणसे शहरात फार थोडी असतील, याचे वाईट वाटते.

आता राहण्याजोगेपणाकडे वळू. इथे ताऱ्याचे वय आणि आयुष्य आधी पाहावे लागते. सूर्याचे एकूण आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे, त्यांतली ४६० कोटी सरली. पृथ्वीवर सूक्ष्मजीव साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी होते, पण डोळ्यांना दिसतील असे प्राणी यायला त्यापुढे जवळजवळ तीनशे कोटी वर्षे गेली. तारा जितका जड तितका तो उधळ्या. सूर्याच्या दसपट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत आपली पुंजी संपवतो. राजन्यासारखा झगमगता तारा पाहायला सुंदर, पण त्याच्याभोवती ग्रह असलाच तरी तिथे काही रुजण्याआधीच खेळ आटोपतो. उलट लाल बटू म्हणून ओळखले जाणारे लहान, मंद तारे कंजूष असतात आणि लाखो कोटी वर्षे मिणमिणत राहतात. आपल्या आकाशगंगेतले साधारण चारांपैकी तीन तारे याच जातीचे आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

'वस्तीयोग्य पट्टा' हा शब्द वाचकांनी ऐकला असेल. थंडीत शेकोटीभोवती बसण्याचा अनुभव असला की तो सहज समजतो. फार जवळ गेले तर भाजते, फार लांब गेले तर काकडायला होते, मध्ये एक बसण्याजोगे अंतर असते. ताऱ्याभोवती ज्या अंतरावर ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल, तो हा पट्टा. शेकोटी मोठी असेल तर तो लांब आणि रुंद, निखाराच असेल तर जवळ आणि अरुंद. ताऱ्याची तेजस्विता वाढली की पट्टा बाहेर सरकतो. सूर्य सुरुवातीला आजच्या सत्तर टक्केच तेजस्वी होता आणि तो हळूहळू तापतो आहे, त्यामुळे साधारण शंभर कोटी वर्षांनी पृथ्वीच या पट्ट्याबाहेर पडेल.

या शब्दावर माझा मात्र राग आहे. वस्तीयोग्य म्हटले की तिथे वस्ती होऊ शकते असे वाटते. पुण्यात फ्लॅटच्या जाहिरातीत 'हायवेपासून पाच मिनिटांवर' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ नळाला पाणी येते असा होत नाही. ते कळायला तिथे राहणाऱ्याला टँकर किती लागतात हे विचारावे लागते. पट्टादेखील फक्त जागा सांगतो. आपला चंद्र सूर्यापासून पृथ्वीइतक्याच अंतरावर, म्हणजे पट्ट्यातच आहे आणि तो ठार कोरडा आहे, कारण हवा धरून ठेवण्याइतके त्याचे गुरुत्वाकर्षण नाही. शुक्र आकाराने पृथ्वीचा जुळा भाऊ, पट्ट्याच्या आतल्या कडेच्या किंचित अलीकडे. पण कार्बन डायऑक्साइडच्या जाड गोधडीखाली त्याचा पृष्ठभाग ४६५ अंशांवर तापलेला आहे. आणि पृथ्वी? नुसत्या अंतराचा हिशेब केला तर तिचे सरासरी तापमान उणे १८ अंश यायला हवे. प्रत्यक्षात ते सुमारे १५ आहे. मधले ३३ अंश वातावरणाने दिलेले आहेत. म्हणजे राहण्याजोगेपणाचा निकाल अखेर हवेवर लागतो, आणि ती हवा टिकवायची की उडवून लावायची हे पुष्कळसे तारा ठरवतो.

लाल बटूंच्या बाबतीत हा प्रश्न ऐरणीवर आलेला आहे. शोधायला हे तारे फार सोयीचे: तारा लहान असल्याने लहान ग्रहानेही मोठी घट होते, पट्टा जवळ असल्याने वर्ष काही दिवसांचे असते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा अधिक्रमण पाहायला मिळते. कुंभ राशीतला, ४० प्रकाशवर्षांवरचा ट्रॅपिस्ट-१ हा असाच एक तारा, सूर्याच्या नऊ टक्के वस्तुमानाचा, आकाराने गुरूपेक्षा थोडाच मोठा. त्याला पृथ्वीच्या आसपास आकाराचे सात ग्रह असल्याचे फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झाले. सर्वांत आतल्याचे वर्ष दीड दिवसाचे, सर्वांत बाहेरच्याचे एकोणीस दिवसांचे. सातही ग्रह बुधाच्या कक्षेच्या सहाव्या हिश्श्यात मावतात, आणि त्यांतले तीन वस्तीयोग्य पट्ट्यात मोडतात. प्रॉक्सिमाभोवतीचा २०१६ साली सापडलेला ग्रहही, ११.२ दिवसांच्या वर्षाचा, त्याच पठडीतला.

पण निखाऱ्याशेजारी बसण्यात दोन तोटे आहेत. एक म्हणजे इतक्या जवळ फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे राहते, जशी चंद्राची आपल्याकडे. शेकोटीकडे तोंड करून हलायचेच नाही असे ठरवले तर छाती भाजते आणि पाठ गारठते, तशी त्या ग्रहाची गत: एका बाजूला न मावळणारा दिवस, दुसऱ्या बाजूला न संपणारी रात्र. दाट वातावरण आणि समुद्र असले तर ते ऊब पाठीकडे नेऊ शकतात, त्यामुळे हा तोटा निर्णायक मानत नाहीत. दुसरा अधिक गंभीर आहे. निखारा तडतडतो. लाल बटू तारे, विशेषतः तरुणपणी, अतिनील आणि क्ष-किरणांचे प्रचंड भडके उडवतात, आणि प्रॉक्सिमा अजूनही अधूनमधून उडवतो. शेजारच्या ग्रहाची हवा अशा माऱ्यात कोट्यवधी वर्षांत उडून जाऊ शकते. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीने ट्रॅपिस्टच्या सर्वांत आतल्या ग्रहाच्या उजेडाच्या बाजूचे तापमान मोजले ते सुमारे २३० अंश भरले, म्हणजे उष्णता मागच्या बाजूला नेणारे जाड वातावरण तिथे असल्याचे काही लक्षण नाही. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाहेरच्या ग्रहांचा निकाल अजून लागायचा आहे.

ताऱ्याचे हे भडके समजून घेण्यासाठी घरचा तारा सर्वांत हाताशी. सप्टेंबर २०२३ मध्ये इस्रोने सोडलेल्या आदित्य-एल१ यानावर 'सूट' ही अतिनील दुर्बीण आहे, ती पुण्याच्या आयुकात घडली. ज्या अतिनील किरणांमुळे पृथ्वीच्या हवेत ओझोन तयार होतो आणि नष्टही होतो, तेच किरण ती सूर्यावर पाहते. दुसरी बाजू ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राची; ते ढाल बनून ताऱ्याकडून येणारा कणांचा वारा काही प्रमाणात अडवते. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्याच्याकडून रेडिओ लहरी येतात, तशा बाह्यग्रहांकडून येतात का, याचा शोध नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना वापरूनही घेतला गेला आहे. निःसंशय म्हणावे असे अजून हाती लागलेले नाही. द्राक्षाच्या मळ्यांमधून त्या पांढऱ्या जाळीदार ताटल्या दिसतात तेव्हा त्या कशाला कान लावून बसल्या आहेत, याचा पत्ता रस्त्याने जाणाऱ्याला लागत नाही.

हवा ओळखायची रीत मात्र फार सुंदर आहे, आणि तीही ताऱ्याच्या जिवावर. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याच्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. त्या हवेत मिथेन असेल तर मिथेनच्या रेघा, पाण्याची वाफ असेल तर वाफेच्या रेघा त्या प्रकाशात उमटतात. अधिक्रमण चालू असतानाचा वर्णपट आणि ते नसतानाचा वर्णपट, यांची वजाबाकी केली की उरते ती ग्रहाची हवा. पुठ्ठ्यावरच्या शुक्राच्या तिटेभोवती केसाएवढी कड असायला हवी, आणि आपल्याला फक्त त्या कडेतून झिरपलेला उजेड वेगळा काढायचा आहे, असे समजा. इथे पुन्हा ताऱ्याचा स्वभाव आडवा येतो. थंड लाल ताऱ्यांच्या डागांवर पाण्याची वाफ तयार होण्याइतके तापमान खाली येते. मग दिसलेली वाफ ग्रहावरची की ताऱ्यावरची, हा वाद उभा राहतो.

केवळ वायू सापडला म्हणून जीव सापडला असे होत नाही, याचे ताजे उदाहरण सिंह राशीतल्या, १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाचे. तो पृथ्वीच्या २.६ पट रुंद आणि ८.६ पट जड आहे, एका लाल बटूभोवती ३३ दिवसांत फेरी मारतो आणि वस्तीयोग्य पट्ट्यात आहे. आकाराने पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या मधल्या या जातीचे ग्रह आकाशगंगेत उदंड आहेत, आपल्या सूर्यमालेत मात्र एकही नाही, त्यामुळे ते आतून कसे असतील याविषयी घरचा अनुभव शून्य. २०२३ मध्ये जेम्स वेबने तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड टिपले. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथिल सल्फाइडची खूण दिसत असल्याचे मांडले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो, म्हणून बातमी जगभर गाजली. पण इतर गटांनी तीच मोजमापे वेगळ्या पद्धतीने तपासली तेव्हा खूण तितकी पक्की ठरली नाही, आणि जीवाशिवायही हा वायू बनू शकतो हे धूमकेतूवर तो आढळल्यामुळे आधीच ठाऊक झाले होते. माझ्या मते या प्रकरणात कुणी खोटे पडले असे मानण्याचे कारण नाही. दावा, तपासणी, शंका असाच हा व्यवहार चालतो. फसगत झाली असेल तर ती पहिल्या दिवशीचा मथळा वाचून वर्तमानपत्र घडी घालणाऱ्यांची.

एकट्या वायूपेक्षा वायूंच्या जोडीवर अधिक भरवसा ठेवतात. ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र फार काळ नांदत नाहीत, ते एकमेकांना संपवतात. दोन्ही सोबत आणि भरपूर दिसले तर कुणीतरी दोन्हींचा पुरवठा सतत चालू ठेवला आहे, असा अर्थ निघतो. पृथ्वीवर ते काम सजीव करतात. तरी यातही एक पेच आहे. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन लक्षात येण्याइतका जमला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी शंभर कोटी वर्षांहून जास्त काळ इथे जीव होता, आणि त्या काळात दूरच्या कुणी ऑक्सिजन शोधला असता तर पृथ्वी निर्जीव म्हणून यादीतून वगळली गेली असती.

प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा मार्ग बंद आहे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्याच वेगाने प्रॉक्सिमाचे अंतर कापायला ७५,००० वर्षे लागतील. त्यामुळे नावे ठेवण्यावर समाधान मानावे लागते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव देण्यासाठी दिला. भारताच्या वाट्याच्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' हे नाव मिळाले आणि ग्रहाला 'संतमस', म्हणजे मेघांनी काळोखलेला. हे दुसरे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवलेले आहे. ग्रह मात्र गुरूपेक्षा जड आणि दोन दिवसांत फेरी मारणारा, म्हणजे भट्टीच.

आता पाहण्याची दिशा उलटी करून बघा. आपले अधिक्रमण कुणाला दिसत असेल? पृथ्वीची कक्षा ज्या पातळीत आहे, त्या पातळीत जे तारे येतात त्यांना, आणि ते सगळे आपल्या राशिचक्राच्या अरुंद पट्ट्यात आहेत. तारेही सरकत असतात, त्यामुळे ही जागा कुणाच्या वाट्याला कायम नसते. मेष राशीतला, साडेबारा प्रकाशवर्षांवरचा टीगार्डनचा तारा २०५० च्या सुमारास या जागेत येणार आहे. तो लाल बटू आहे, त्याच्या जातीच्या मानाने शांत, आणि त्याच्याभोवती पृथ्वीच्या आसपास वस्तुमानाचे ग्रह सापडलेले आहेत. तिथे कुणी असेल आणि त्यांच्याजवळ चांगली दुर्बीण असेल तर एका मध्यम पिवळ्या ताऱ्याचा उजेड वर्षातून एकदा, काही तासांपुरता, जेमतेम ०.००८४ टक्क्यांनी उतरल्याचे त्यांच्या नोंदीत येईल. त्यावरून ते ग्रहाचा आकार काढतील, पट्ट्यात बसतो म्हणतील, आणि हा ग्रह शुक्रासारखा आहे की आणखी कसा, यावर त्यांच्यातही वाद होतील. अर्थात नेमक्या त्या वेळी तिथे ढग आले नाहीत, तर.